दुपार विकलेलं शहर

कारुबान हे शहर आपली दुपार विकून मोठं झालं.

त्याआधी मोठं होण्यासारखं त्याच्याजवळ काही नव्हतं. दोन नद्यांच्या मधला सपाट मुलूख, त्यात चिखल, बोरूची बेटं, खजुराची झाडं आणि जवाची शेतं. लाकूड नाही, तांबं नाही आणि दगड तर औषधालासुद्धा नाही. 'दगड' हा शब्द लोकांना ठाऊक होता, पण तो एखाद्याच्या डोक्याविषयी बोलतानाच उपयोगी पडे. गावात खरे दगड होते ते फक्त घाटावरच्या कचेरीत, मुद्रांच्या रूपानं. बोटाएवढ्या, लाटण्यासारख्या गोल, ओल्या मातीवर फिरवायच्या. त्यांतली एक मुद्रा पुझुरच्या गळ्यात दोऱ्याला बांधलेली असे.

पुझुर घाटावर मडक्यांची तोंडं बंद करायच्या कामाला होता. तेलाचं म्हणा, खजुराच्या पाकाचं म्हणा, मडकं भरलं की तोंडावर फडकं बांधायचं, वर ओल्या मातीचा लगदा थापायचा आणि त्यावर मुद्रा फिरवायची. मग ते मडकं वाटेत कुणी उघडलं तर लगेच कळे. माणूस चाळिशीतला, सडपातळ, नियमाला धरून चालणारा. तो घरजावई होता आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. बायको अहातुम विटा पाडायची. गावाच्या तटाच्या निम्म्या विटा तिच्या आईच्या साच्यातून निघाल्या होत्या आणि उरलेल्यांतल्या बऱ्याचशा तिच्या. घर तिच्या वडिलांचं. त्यांना सगळी गल्ली आबा म्हणे. आबांनी उभी हयात बोरूच्या होड्यांना डांबर चोपडण्यात घालवली होती आणि आता ते अंगणात, खजुराच्या झावळ्यांच्या सावलीत बाज टाकून पडून असत.

एका वर्षी उत्तरेकडच्या डोंगरांतून पेरुवा नावाचा व्यापारी गाढवांचा तांडा घेऊन आला. त्याच्याजवळ तांबं होतं, देवदाराच्या फळ्या होत्या, आणि त्याला बदल्यात लोकरीचं कापड हवं होतं. त्या वर्षी मेंढ्यांना रोग झाल्यानं कापड नव्हतं. घाटप्रमुख इलिशू हा भला, पण फार घाईचा माणूस. त्यानं तेल दाखवलं, पाक दाखवला, सुके मासे दाखवले. पेरुवानं सगळ्याला नकार दिला. बोलणी तुटली. तरी पाहुण्याला उपाशी कसं पाठवायचं, म्हणून इलिशूनं त्याला पुझुरच्या घरी जेवायला धाडलं, कारण अहातुमच्या हातचा मासा घाटावर सगळ्यांना माहीत होता.

पेरुवा पोटभर जेवला. मग आबांच्या बाजेशेजारी चटईवर टेकला. झावळ्यांच्या फटींतून उन्हाचे कवडसे पडले होते. भिंतीवर पारवे घुमत होते. लांब कुठंतरी एक गाढव ओरडलं आणि मध्येच कंटाळून थांबलं. पेरुवाला झोप लागली. उठला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की अहातुमनं विचारलं, "मासा बाधला का?"

"हे काय होतं?" पेरुवा म्हणाला.

"कुठलं?"

"हे आत्ता झालं ते. सकाळ संपल्यावर आणि संध्याकाळ व्हायच्या आधी."

"दुपार," आबा म्हणाले.

पेरुवानं तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. मग त्यानं सांगितलं की त्यांच्या डोंगरात असं काही नसतं. सकाळ उजाडते, ढग येतात, लोक सरपण फोडतात आणि अंधार पडतो. "ही मला हवी," तो म्हणाला. "तांबं ठेवून जातो."

"न्या की," आबा म्हणाले. "उद्या दुसरी येते."

दुसऱ्या दिवशी कचेरीच्या अंगणात पुझुरनं पहिली दुपार मडक्यात भरली. त्याला फार कौशल्य लागलं नाही. सूर्य डोक्यावर आला की मडकं उघडं ठेवायचं, आजूबाजूला कुणी बोलायचं नाही, आणि दुपार पुरती आत उतरली की संध्याकाळचा थेंबही आत जायच्या आधी तोंड बंद करायचं. त्या दिवशी कचेरीच्या अंगणात सूर्य डोक्यावरून एकदम पश्चिमेच्या खजुरांवर गेला आणि सावल्या लांब झाल्या. पुझुरनं मातीचा लगदा थापला, मुद्रा हातात घेतली आणि इलिशूला एकच प्रश्न विचारला.

"मालाचं नाव काय लिहू?"

इलिशूनं विचार केला. "सुके पदार्थ लिही," तो म्हणाला.

पुढच्या हंगामात पेरुवा एकटा आला नाही, त्याच्या मागून सात तांडे आले. त्यांच्या डोंगरातल्या राणीनं ते मडकं उघडलं होतं आणि सबंध राजवाडा आडवा झाला होता. उठल्यावर राणीनं दोन कैद्यांना माफी दिली, बहिणीशी अबोला सोडला आणि आणखी आणा म्हणाली.

कारुबान असं वर आलं. गावात देवदाराचे दरवाजे आले. तांब्याच्या कढया आल्या. देवळाला दगडाचा उंबरठा बसला तेव्हा पंचक्रोशीतले लोक तो बघायला आले. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी त्याच्यावरून हात फिरवला आणि सगळ्या गावाला आयुष्यात पहिल्यांदा ठेच लागली. लोकांनी तेही कौतुकानंच घेतलं. एकमेकांच्या सुजलेल्या अंगठ्यांची चौकशी करणं ही काही दिवस मोठी सभ्यता समजली जाई.

तांडे वाढले तशी कचेरीच्या अंगणातली एक दुपार पुरेना. मग गावसभा बसली. प्रत्येक घरानं आपापल्या अंगणातली दुपार घाटावर द्यावी आणि त्याबदल्यात लाकूड, तांबं, दगड वाटून घ्यावं, असं ठरलं. विरोध फक्त पुजाऱ्यानं केला. देवी दुपारची झोपते, तिला विचारल्याशिवाय तिची दुपार कशी द्यायची, असं त्याचं म्हणणं. तीन दिवसांनी तो स्वतःच सांगायला आला, की देवीला देवळाचा नवा दरवाजा आवडला, ती जागी राहायला तयार आहे.

पुझुरला बढती मिळाली. आता त्याच्या हाताखाली माणसं होती आणि त्याचं काम फक्त पारख करायचं होतं. मडकं कानाला लावायचं. आत पारवे घुमत असले, लांबून कुणाचं तरी घोरणं ऐकू येत असलं, तर माल उत्तम. माशी गुणगुणत असली तर मध्यम. भांडण ऐकू आलं तर बाद. अशी बाद मडकी घाटाच्या मागं एका खोलीत ठेवलेली असत आणि तिथून जाताना लोक पावलं उचलून चालत. पुझुरची पारख कधी चुकली नाही, असं डोंगरातले लोकही म्हणत, आणि हे त्याच्या कानावर आलं की तो मान खाली घालून गळ्यातली मुद्रा चाचपत बसे.

तिसऱ्या वर्षापासून कारुबानमध्ये दुपार अशी उरलीच नाही. सकाळ व्हायची, सूर्य चढायचा, आणि डोक्यावर आला रे आला की संध्याकाळ. दुपारचं जेवण आणि रात्रीचं जेवण एकमेकांना टेकली. कुणी दोन्ही लागोपाठ जेवत, कुणी एकच जेवून दोनदा हात धूत. खजूर झाडावर हिरवेच राहू लागले. ज्या बायका दुपारी बाळंत व्हायच्या त्यांना दुसऱ्या सकाळपर्यंत थांबावं लागे आणि सुईणी त्याबद्दल कचेरीला रोज नावं ठेवत.

सगळ्यांत वाईट गत भांडणांची झाली. पूर्वी कारुबानमध्ये भांडण सकाळी व्हायचं, दुपारी दोन्ही बाजू झोपायच्या आणि संध्याकाळी उठल्यावर कशावरून झालं होतं ते कुणाला नीटसं आठवायचं नाही. आता सकाळचं भांडण तसंच्या तसं, गरमागरम, संध्याकाळी हजर. भावाभावांत बोलणं बंद झालं. गल्लीत दोन घरांच्या मधून भिंत उठली, मग त्या भिंतीच्या मालकीवरून आणखी दोन घरांत.

पुझुर आणि अहातुमचंही तसंच झालं.

"विटा वाळत नाहीत," अहातुम म्हणाली होती. तिनं एक वीट त्याच्यापुढं ठेवली. वरून ती विटेसारखी होती. बोट दाबलं की आत जात होतं. "सकाळचं ऊन नुसतं वरून चाटतं. विटेला दुपार लागते. तटाचं वरचं काम या असल्या विटांनी चाललंय."

"मी कचेरीत सांगतो," पुझुर म्हणाला. आणि त्यानं सांगितलंही. कचेरीचं उत्तर आलं ते त्यानं तिला जसंच्या तसं सांगितलं. "आता दगड येतोय. विटांची गरज हळूहळू कमी होईल."

अहातुम त्याच्याकडे बघत राहिली. "माझी गरज कमी होईल, असं म्हण ना."

"मी नाही म्हणत. कचेरी म्हणते."

"मग कचेरीतच जेव."

हे बोलणं एका सकाळी झालं आणि सहा वर्षं चाललं. दोघं एकाच घरात राहत, एकमेकांना पाणी देत, आजारपणात पाय चेपत. पण ते भांडण मध्ये होतंच. अहातुम रोज विटा पाडायची, रोज त्या उलटून बघायची. पुझुर ते दारातून बघायचा आणि घाटावर जायचा. त्याला बोलायचं असे. पण बोलायला सकाळ फार घाईची असे आणि संध्याकाळी तो दमलेला असे, आणि या दोहोंच्या मध्ये काही नव्हतंच.

अशात एके दिवशी आबांनी त्याला हाक मारली.

"जावईबापू, जरा बसता का?"

आबा आता नव्वदीच्या पुढं गेले होते. हाडं दिसत होती, सांधे धरले होते, बाजेवरून उठायला अहातुमचे दोन्ही हात लागत. पुझुर बाजेच्या कडेला टेकला.

"माझ्या जन्माच्या वेळी पुजाऱ्यानं शकुनासाठी मेंढीचं काळीज बघितलं होतं," आबा म्हणाले. "त्यात निघालं, की हा दुपारी जाईल. म्हणून मी रोज दुपारी पाय धुऊन पडायचो. आता नऊ वर्षं दुपार नाही. मी रोज पाय धुतो आणि लगेच संध्याकाळ होते. मला कंटाळा आलाय असं नाही हो. पण गुडघे फार दुखतात."

आबांनी गुडघ्यांवरून हात फिरवला.

"एक दुपार मिळेल का? मोठी नको. हिवाळ्यातलीसुद्धा चालेल."

पुझुरनं रीतसर अर्ज केला. मातीची पाटी केली, त्यावर बोरूनं लिहिलं, खाली मुद्रा फिरवली आणि ती ओली असतानाच इलिशूपुढं ठेवली. इलिशूनं ती वाचली आणि पुन्हा वाचली.

"घरगुती वापरासाठी एक दुपार," तो म्हणाला. "कारण?"

"सासऱ्यांना मरायचं आहे."

"पुझुर, पुढच्या चार वर्षांच्या दुपारी आत्ताच कबूल करून झाल्यात. तुझ्याच हातून झाल्यात. मी आणू कुठून?" इलिशू खरोखरच अस्वस्थ झाला होता. आबांनी त्याच्या बापाच्या होडीला डांबर चोपडलं होतं. "त्यांना सकाळी नाही का जाता येणार? बरेच लोक सकाळी जातात."

"काळजात दुपार निघाली आहे."

"हो, ते आहे म्हणा." इलिशूनं डोकं खाजवलं. "शिवाय गावसभेला काय सांगू? गेल्या नऊ वर्षांत कारुबानमध्ये दुपारी एकही माणूस मेलेला नाही, हे आपण दर जत्रेला सांगतो. लोकांना त्याचा अभिमान आहे." त्यानं पाटी परत दिली. "तू असं कर, एखादी बाद झालेली घेऊन जा. भांडणाची."

"नको," पुझुर म्हणाला. "भांडण घरी आहे."

घरी येताना त्यानं ती पाटी नदीत टाकली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा अर्ज नामंजूर झाला होता, आणि त्याचं त्याला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. आबांनी "न्या की" म्हणून पहिली दुपार देऊन टाकली तेव्हा त्यांना कुणी कारण विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सूर्य चढू लागला. गल्लीतल्या सगळ्या अंगणांत मडकी मांडली गेली. पुझुरच्या अंगणातलंही मडकं जागेवर होतं. अहातुम साचा धूत बसली होती. सूर्य डोक्यावर यायला आला तेव्हा पुझुर उठला, मडक्यापाशी गेला आणि त्यानं ते पालथं घातलं.

अहातुमनं मान वर केली. "हे काय करतोस?"

"काही नाही," पुझुर म्हणाला. "काहीच करत नाही."

आणि दुपार झाली.

आधी अंगणातला वारा पडला. मग झावळ्यांच्या फटींतून कवडसे उतरले आणि आबांच्या अंगावर पसरले. भिंतीवर एक पारवा येऊन बसला. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि थोडं बिचकत घुमून बघितलं. आबांचे पाय धुतलेलेच होते. त्यांनी हात छातीवर ठेवले आणि डोळे मिटले.

अहातुम बापाच्या उशाशी जाऊन बसली. पुझुर पायाशी बसला. बराच वेळ कुणी बोललं नाही, आणि बराच वेळ म्हणजे काय हे दोघांनाही विसरायला झालं होतं.

"माझं चुकलं," थोड्या वेळानं पुझुर म्हणाला.

"कशात?"

पुझुरनं आठवायचा प्रयत्न केला. "विटांवरून काहीतरी होतं."

"जाऊ दे आता," अहातुम म्हणाली आणि तिनं चटईवर त्याच्यासाठी जागा केली.

दारातून शेजारीण डोकावली. तिनं आतलं ऊन पाहिलं, एक शब्द न बोलता आत आली आणि भिंतीला टेकून बसली. मग तिचा नवरा आला. मग ज्याच्याशी त्याचं भिंतीवरून वाजलं होतं तो आला आणि त्याच्याच शेजारी आडवा झाला, कारण सावली तेवढीच उरली होती. हळूहळू गल्लीच्या गल्ली अंगणात येऊन झोपली. शेवटी इलिशू आला. एका अंगणाची दुपार जमा झाली नाही हे कचेरीत कळलं होतं, आणि तो दोन शिपाई घेऊन आला होता. तो दारात उभा राहून म्हणाला, "पुझुर, हे तुझ्याकडून अपेक्षित नव्हतं." मग त्यानं जांभई दिली. मग तो उंबरठ्यावर बसला. शिपाई त्याच्या दोन्ही खांद्यांवर डोकं टेकून झोपले.

संध्याकाळ झाली तेव्हा सगळ्यांत आधी उठले ते आबा.

त्यांनी डोळे उघडले, आजूबाजूला झोपलेली गल्ली पाहिली, आणि म्हणाले, "आजची नव्हती वाटतं."

अहातुम रडायला लागली आणि त्यातच हसायला लागली. आबांनी गुडघे हलवून पाहिले. "बरं वाटतंय जरा," ते म्हणाले. "उद्याची बघू या का?"

इलिशूनं या गोष्टीचा नीट विचार केला. एक दुपार गेली होती, ती गेलीच होती. पण जे कारण कालच्या दुपारीला लागू होतं ते आजच्या दुपारीलाही लागू होतं. मेंढीच्या काळजात दुपार कुठली ते निघालं नव्हतं. तेव्हा आबा जाईपर्यंत त्या अंगणातली दुपार घाटावर देण्याची सक्ती असू नये, असा हुकूम त्यानं काढला आणि त्याची पाटी भाजून पक्की करून घेतली. अंमलबजावणीवर देखरेख म्हणून तो स्वतः रोज यायचा आणि उंबरठ्यावर झोपायचा.

अशी दोन वर्षं गेली. आबा रोज पाय धुऊन तयार होत आणि रोज संध्याकाळी ताजेतवाने उठत. पेंगणारी गल्ली सोडून उरलेल्या अंगणात अहातुम विटा मांडायची. त्या खणखणीत वाळत. दिवसाला वीस-पंचवीस, त्याहून जास्त मावत नसत. ती त्या एकमेकींवर आपटून आवाज ऐकायची आणि पुझुरला ऐकवायची. त्याच्या कानाला आता तो आवाजही पारखता येऊ लागला.

दरम्यान डोंगरातून येणारे तांडे नवीनच बातम्या आणू लागले. तिकडं आता घरोघरी मडकी उघडत होते. राणीनं तर अख्ख्या दरीत एकाच वेळी हजार दुपारी उघडवल्या होत्या. डोंगरावरचं बर्फ आता टिकत नव्हतं. लोकांनी कातडी अंगरखे काढून टाकले होते आणि उतारांवर जव पेरला होता. सगळे सुखात होते आणि कारुबानला दुवा देत होते.

घाटावर ही बातमी ऐकून लोकांनी आनंद केला. अहातुमनं फक्त विचारलं, "बर्फ टिकत नाही म्हणजे जातं कुठं?"

तिनं नदीकडे पाहिलं. नदी घाटाच्या वरून चौथ्या पायरीवर होती. त्या महिन्यात ती सहाव्या पायरीच्या खाली असायची.

"आपलीच दुपार पाणी होऊन परत येतेय," ती पुझुरला म्हणाली.

पुझुरनं या वेळी कचेरीला विचारलं नाही. तो थेट गावसभेपुढं उभा राहिला आणि म्हणाला, दुपारी विकणं थांबवा, निदान तट वाळेपर्यंत. सभेनं त्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. सगळ्यांना पटलंही. पण पुढच्या चार वर्षांचा माल कबूल करून झाला होता आणि दिलेला शब्द मोडायचा नाही, यावर तर कारुबानचं नाव उभं होतं. तेव्हा दिलेला शब्द पुरा झाला की पुढं बघू, असं ठरलं.

पाणी वसंताच्या शेवटी आलं. ते काही गर्जत वगैरे आलं नाही. घाटाच्या पायऱ्या एकेक करून दिसेनाशा झाल्या आणि पाणी तटाला येऊन टेकलं. तटाचा खालचा निम्मा भाग अहातुमच्या आईच्या विटांचा होता. तो ढिम्म उभा राहिला. वरच्या भागाला पाणी लागलं आणि तो मऊ झाला.

कारुबान पडलं, असं पुढं लोक म्हणत. पण ज्यांनी पाहिलं ते सांगत, की ते पडलं नाही, बसलं. दिवसभर उभं राहून दमलेल्या बाईनं पाय पोटाशी घेऊन खाली बसावं, तसं. आधी तट बसला, मग कचेरी, मग वाड्यावस्त्या, गल्ल्या. भिंती वाकल्या, उतरल्या आणि चिखल होऊन पुन्हा जमिनीला मिळाल्या. देवदाराचे दरवाजे तेवढे चौकटींसकट उभे राहिले, आणि लोक सवयीनं त्यांतूनच बाहेर पडले. कुणाला इजा झाली नाही, कारण कुणी झोपलेलं नव्हतं.

गल्ली मात्र झोपलेली होती. पण अहातुमच्या अंगणाला तिनं दोन वर्षांत वाळलेल्या विटांची भिंत घातली होती, आणि पाणी त्या भिंतीपाशी येऊन थांबलं. लोक रोजच्यासारखे संध्याकाळी उठले तेव्हा भिंतीपलीकडे शहर नव्हतं.

"आता?" इलिशू उंबरठ्यावरून म्हणाला.

"होड्या," आबा म्हणाले.

होड्या होत्या, पण इतकी वर्षं माल गाढवांवरून जात असल्यानं कोरड्या पडून फुटल्या होत्या. त्यांना डांबर हवं होतं, आणि ते कसं उकळायचं, त्यात किती बोरूचा चुरा घालायचा, हे गावात एकाच माणसाला ठाऊक होतं. आबांची बाज उचलून पाण्याच्या कडेला नेली. तिथून ते दहा दिवस आरडाओरडा करत होते. "पातळ! पातळ झालं! हे काय वरण आहे?" लोक पळत होते. अहातुमनं इतक्या वर्षांत त्यांचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. ती स्वतः कोपरापर्यंत काळी झाली होती आणि मधूनमधून उगीचच बाजेपाशी येऊन त्यांना पाणी विचारून जात होती.

शेवटची होडी तयार झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, अगदी सकाळी, सूर्य हातभरही वर आला नव्हता तेव्हा, आबा गेले. हातावर डांबर तसंच होतं. अहातुमनं ते तेलानं पुसायला घेतलं आणि मग तसंच राहू दिलं. पुजाऱ्याला बोलावून पुझुरनं विचारलं, की काळजात तर दुपार निघाली होती, मग सकाळी कसे गेले? "त्या काळच्या मेंढ्या लहान असत," पुजारी म्हणाला. पुझुरनं मान हलवली. त्यानं गळ्यातला दोरा तोडला आणि मुद्रा आबांच्या मुठीत ठेवून मूठ मिटली.

इलिशू उत्तरेला गेला. डोंगरात तीस वर्षं पुरतील इतकी मडकी साठलेली होती आणि ती रोज किती उघडायची हे ठरवणारा माणूस त्यांना हवा होता. त्यानं पुझुरलाही विचारलं. "तुझ्या कानासारखा कान नाही त्यांच्याकडे," तो म्हणाला. पुझुरनं अहातुमकडे पाहिलं. अहातुम होडीत विटांचे साचे ठेवत होती. "मला दक्षिणेकडे काम आहे," पुझुर म्हणाला. दोघांनी मिठी मारली आणि इलिशू आपल्या घाईत निघून गेला.

दोघं नदीबरोबर खाली खाली गेले. अकराव्या दिवशी समुद्राजवळ मासेमारांचं एक गाव लागलं. चिखल चांगला होता. अहातुमनं मूठभर घेऊन दाबून पाहिला आणि मान डोलावली. गावाच्या कारकुनानं नावं विचारली, काम विचारलं, विटा पाडणारी बाई आली म्हटल्यावर त्याला आनंदच झाला. त्यानं राहायला एक झोपडी दाखवली.

"एक सांगून ठेवतो," तो म्हणाला. "आमच्याकडे पहाट दोनदा होते. पहिली मासेमारांची. दुसरी बाकीच्यांची. नव्या माणसांना दुसरी."

"दुसरी केव्हा होते?" अहातुमनं विचारलं.

"पहिली आवरली की."

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुझुरला उजाडताना जाग आली. पूर्व तांबूस झाली होती, कोंबडे आरवत होते. तो झोपडीबाहेर आला. समोरून एक म्हातारी मासेमारीण खांद्यावर जाळं टाकून पाण्याकडे चालली होती. तिनं त्याच्याकडे बघून हात हलवला.

"ही तुमची नाही रे बाबा," ती म्हणाली. "तुमची यायची आहे. नीज जा."

पुझुर आत आला. अहातुमनं डोळे न उघडताच विचारलं, "झाली का?"

"आपली नाही अजून," तो म्हणाला, आणि तिच्याशेजारी आडवा होऊन त्यांच्या पहाटेची वाट बघत राहिला.